सीपॅप लावल्यापासून बाबांचं घोरणं थांबलं पण आता श्वास गुपचूप थांबतो, कोणाला अनुभव आहे का?

मानसी_ठाणे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६६ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. वजन ९४ किलो, मान जाड, बीपीच्या दोन गोळ्या चालू. आमच्या घरात घोरणं हा आजार असतो हेच कोणाला माहीत नव्हतं, आजोबा घोरायचे, आत्या घोरते, बाबा घोरतात, चाललंय. डिसेंबरमध्ये सिग्नलला स्कूटरवर उभे असताना डुलकी लागून पडले, नशीब मागून काही येत नव्हतं, तेव्हा मी हट्टच धरला आणि झोपेची टेस्ट करून घेतली, रात्रभर लॅबमध्ये वायरी लावून झोपवतात ती. एएचआय ४८ आला म्हणजे तासाला ४८ वेळा श्वास अडत होता, ऑक्सिजन ७४ पर्यंत खाली. रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळं ऑब्स्ट्रक्टिव्ह, म्हणजे घसा मिटून श्वास अडणं, सेंट्रल म्हणून फक्त १.२.

जानेवारीच्या शेवटी सीपॅप घेतलं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारं ऑटोवालं, ४ ते २० प्रेशरवर लावून दिलं. पहिल्याच रात्री घोरणं बंद, घर इतकं शांत की मलाच झोप येईना. सकाळी आईने देवापुढे साखर ठेवली.

पण दहा-बारा दिवसांनी आई म्हणाली काहीतरी चुकतंय. मी अ‍ॅप उघडून बघितलं तर एएचआय १७, आणि त्यातले १२ 'सीए', म्हणजे सेंट्रल, म्हणून दाखवतंय. मशीन दिलं त्या दुकानातल्या मुलाला फोन केला तर तो येऊन कमीतकमी प्रेशर ४ चं १० करून गेला. त्यानंतर सीए १६! आता तो म्हणतो की हे मशीन तुमच्या कामाचं नाही, एएसव्ही नावाचं घ्या, अडीच लाखाच्या पुढे जाईल. आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून अठरा दिवसांनी आहे.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. आधी नसलेला आजार मशीनमुळे झाला का? मशीन बंद करावं का, कारण बाबा तेच म्हणतायत, 'घोरत होतो तेच बरं होतं'? आणि ते महागडं मशीन खरंच लागतं का?

आईचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणाली, आधी घोरायचे तेव्हा आवाजावरून कळायचं की माणूस आहे, आता काही आवाजच नसतो, मी अंधारात पोटावर हात ठेवून मोजत बसते.

सह्यभटक्या

मानसीताई, घाबरू नका, मी यातून गेलोय. वय ५१, माझा आधीचा एएचआय ३३ होता. मशीन लावल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून सीए ९-१० यायला लागले, मलाही वाटलं संपलं सगळं. माझ्या डॉक्टरांनी ऑटो बंद करून ७ चं एकच प्रेशर ठेवलं आणि सांगितलं की रोज लावून झोप, रोज आकडा बघू नकोस. दहा आठवड्यांनी सीए १ च्या आत. दुसरं काहीही केलं नाही. बाबांना सांगा सोडू नका, सोडलं की ४८ परत येणार, ते काही कुठे गेलेलं नाही.

रात्रपाळी

मी पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं रात्री जागून लोकांचे श्वास बघतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी दोन श्वास-थांबण्यातला फरक. ऑब्स्ट्रक्टिव्हमध्ये घशाचा मार्ग मिटतो पण मेंदू हुकूम देतच असतो, छाती-पोट जोर लावत राहतात, आम्ही छातीला आणि पोटाला जे पट्टे बांधतो ते एकमेकांच्या उलट हलताना दिसतात. सेंट्रलमध्ये मार्ग उघडाच असतो, पण मेंदू तेवढ्यापुरता हुकूमच देत नाही, दोन्ही पट्टे सपाट. म्हणून आवाज नाही. तुमच्या आईंना पोटावर हात ठेवून जे कळलं ते अगदी बरोबर कळलंय, आम्ही पट्ट्याने तेच मोजतो.

आता मशीनने हे 'केलं' का? जागेपणी आपण बोलतो, हलतो, विचार करतो, श्वासाला बरेच टेकू असतात. गाढ झोपेत श्वास जवळजवळ फक्त रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालतो. तो एका ठरावीक पातळीच्या खाली गेला की मेंदू म्हणतो सध्या श्वासाची गरज नाही, आणि थांबतो. झोपेतली नेहमीची पातळी आणि ही थांबायची पातळी यात फार अंतर नसतं, काही लोकांत तर पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरचंच.

दूध तापवतानाचं उदाहरण देते. अनुभवी बाई दूध वर आलं की गॅस किंचित बारीक करते आणि ते तिथेच राहतं. नवखी घाबरून एकदम बंद करते, दूध खाली बसतं, मग परत मोठा करते, परत उतू येतं. काही माणसांचा मेंदू श्वासाच्या बाबतीत या नवख्यासारखा असतो, कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की जोरजोरात श्वास, त्याने तो खूपच धुतला जातो, की मग थांबायचं, थांबल्यावर परत साठतो, परत जोरात. याला आमच्याकडे लूप गेन जास्त असणं म्हणतात. वर्षानुवर्षं रात्री गुदमरून दचकून उठणाऱ्या माणसाचा हा स्वभाव आणखी तिखट होतो. पण आतापर्यंत घसाच बंद पडत होता म्हणून जोरात श्वास घ्यायलाही मार्ग नव्हता, तो झाकला गेला. सीपॅपने दार उघडलं आणि आतलं दिसायला लागलं. म्हणजे मशीनने नवा आजार दिला असं नाही, असलेला कल बाहेर काढला, आणि प्रेशर गरजेपेक्षा जास्त असेल तर त्यात भर घातली.

म्हणूनच त्या मुलाने ४ चं १० केलं तेव्हा १२ चे १६ झाले. घशाच्या अडथळ्याला प्रेशर वाढवणं हे उत्तर असतं, सेंट्रलला बहुतेक वेळा उलटं. हे मी नव्या मुलांना सारखं सांगते, आकडा वाढला की प्रेशर वाढव हे डोळे मिटून करायचं काम नाही, आधी बघ कुठला आकडा वाढलाय. मला खरंच राग येतो याचा, कारण असे पेशंट कंटाळून मशीन माळ्यावर टाकतात.

याला नावही आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॉम्प्लेक्स स्लीप अ‍ॅप्निया म्हणून लिहिलं होतं, २०१४ च्या वर्गीकरणात ट्रीटमेंट इमर्जंट सेंट्रल स्लीप अ‍ॅप्निया झालं. ढोबळ व्याख्या अशी की आधीच्या टेस्टमध्ये मुख्यतः ऑब्स्ट्रक्टिव्ह होतं, प्रेशरने ते गेलं, आणि आता सेंट्रल तासाला ५ किंवा जास्त आहेत, उरलेल्यातले निम्मे तरी सेंट्रल आहेत, आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने ते समजावता येत नाही. शेवटचा भाग फार महत्त्वाचा, त्यावर खाली विचारते.

सह्यभटक्यांचं झालं तसं बऱ्याच जणांचं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेत घरच्या मशीनमधून आपोआप येणाऱ्या डेटावर मोठा अभ्यास झाला, १,३३,००६ लोकांचा. पहिल्या ९० दिवसांत ३.५ टक्के लोकांना कधी ना कधी हा प्रकार दिसला, त्यातल्या ५५ टक्क्यांचा सुरुवातीला होता आणि तेराव्या आठवड्यापर्यंत गेला, २५ टक्क्यांचा टिकला आणि २० टक्क्यांचा सुरुवातीला नव्हता, नंतर आला. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना हा प्रकार झाला ते मशीन सोडून देण्याचं प्रमाण जास्त होतं. बाबा आत्ता नेमके तिथे उभे आहेत.

आणखी एक, घरच्या मशीनला पट्टे नसतात. श्वास थांबला की ते हवेचे बारीक झटके पाठवून मार्ग उघडा की बंद एवढंच ओळखतं, उघडा असेल तर सीए लिहितं. माणूस जागाच असेल, कुशीवर वळताना श्वास रोखून धरला असेल, तरी सीए लिहिलं जाऊ शकतं. म्हणून अ‍ॅपचा आकडा म्हणजे लॅबचा रिपोर्ट नाही.

आता माझे प्रश्न. लीक किती दाखवतं? श्वास सोडताना प्रेशर कमी होण्याची सोय, ईपीआर, चालू आहे का आणि कितीवर? झोपेची गोळी घेतात का? दुखण्यावरची एखादी गोळी? हृदयाची तपासणी शेवटची कधी झाली? गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून उत्तर द्या, आठवणीने नको.

मेलबर्नवासी

रात्रपाळीताईंनी फार छान समजावलंय. मी फक्त डेटाबद्दल लिहितो. (हे सीपॅप सापडलं ते इथेच ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, नाहीतर त्याआधी गंभीर पेशंटला गळ्याला भोक पाडण्यावाचून पर्याय नसायचा. म्हणून बाबांना सांगा, ही नाकातली हवा साधी गोष्ट नाही.)

अ‍ॅपमध्ये फक्त सरासरी दिसते, खरी माहिती मशीनच्या एसडी कार्डवर असते. ते कॉम्प्युटरला लावून ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात उघडा. प्रत्येक श्वासाचा आलेख दिसतो. तीन गोष्टी बघा. सीए रात्रभर विखुरलेत की एका ठिकाणी गठ्ठ्याने आलेत, झोपायला गेल्यावरचा पहिला अर्धा तास आणि पहाटे चार नंतर गठ्ठा असेल तर तो अर्धवट जागेपणाचा असू शकतो. दुसरं, सीएच्या आधी एक मोठा उसासा किंवा हालचाल आहे का. तिसरं म्हणजे श्वास हळूहळू मोठे होत जाऊन हळूहळू लहान होत मग थांबतात, परत तसंच, अशी लाटांची रांग दिसते का. तशी लांबच लांब रांग दिसली तर ते चित्र डॉक्टरांना नक्की दाखवा, अठरा दिवस थांबू नका.

सेटिंग मात्र स्वतःहून बदलत बसू नका. मी बदलली होती, तीन रात्री ऑक्सिजन खाली गेला आणि मला पत्ताही नव्हता.

पमाताई

मानसी बाळा, आमच्या ह्यांना असंच लाटांसारखं व्हायचं. श्वास मोठा मोठा व्हायचा, मग बारीक बारीक होत पार थांबायचा, मी वीस वीस आकडे मोजायची. कारण निघालं हृदयाचं, ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३२ होता. त्यांना आधी हृदयाची औषधं नीट लावली, पाणी उतरलं, तर रात्रीचा श्वास बराच सुधारला, मशीन न बदलता. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ते एएसव्ही मशीन देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, का ते मला नीट सांगता येणार नाही पण बाबांचा टूडी इको केल्याशिवाय त्या मुलाला एक रुपया देऊ नका. आणि आईला म्हणावं रात्री मोजत बसू नको, दिवसा थोडं आडवं होत जा, मी मोजून मोजून स्वतः आजारी पडले होते.

मानसी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, मी कामावर हे वाचताना रडले.

उत्तरं देते. लीक मिनिटाला ३८ लिटर दाखवतंय, मशीनच्या पुस्तिकेत २४ च्या आत हवं असं लिहिलंय, म्हणजे बरंच गळतंय. तोंडासकट झाकणारा मोठा मास्क आहे आणि बाबांची मिशी आहे, तिथूनच सुसू आवाज येतो. ईपीआर ३ वर आहे. झोपेची गोळी नाही.

दुखण्याची गोळी... मी नाही म्हणूनच लिहिणार होते, पण ताईंनी पाकीट बघा म्हटलं म्हणून डबा उघडला. स्कूटरवरून पडल्यापासून गुडघा दुखतो म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, त्यावर ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल लिहिलंय. दिवसाला दोन, एक रात्री जेवल्यावर. पाच दिवसांसाठी दिली होती, बाबा अडीच महिने केमिस्टकडून आणून घेतायत, कारण 'त्याने बरं वाटतं'. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

इको चार वर्षांपूर्वी झालेला. ऑस्कर भावाने लावून दिलं, सीए रात्रभर विखुरलेत, रात्री अकरा ते दोन जास्त. लाटांसारखं थोडं दिसतं पण सलग नाही. आता काय करू?

डॉ_श्वास

मी मराठवाड्यात छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी ट्रामाडॉल. ही अफूच्या वर्गातली गोळी आहे, सौम्य असली तरी त्याच घराण्यातली. हा वर्ग मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतो, आणि झोपेत सेंट्रल अ‍ॅप्निया होण्याचं हे चांगलं माहीत असलेलं कारण आहे. रात्री जेवून गोळी आणि अकरा ते दोन जास्त सीए, हे जुळतंय, सिद्ध होत नाही पण जुळतंय. अशा वेळी त्याला निव्वळ मशीनमुळे आलेलं म्हणता येत नाही, गोळीचा हिस्सा आधी बाजूला काढायला हवा. पण अडीच महिने रोज घेतलीय म्हणून उद्यापासून एकदम बंद करू नका, अस्वस्थता, घाम, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो. हाडाच्या डॉक्टरांना फोन करा, झोपेचा रिपोर्ट सांगा, ते हळूहळू कमी करून दुसरं काही देतील. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळी आणली जाते आणि घरच्यांना गोळीचं नावही माहीत नसतं, माझ्या ओपीडीत हे आठवड्याला दिसतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. अजून एक, हृदयात स्टेंट घातलेल्यांना देतात त्या टिकाग्रेलोर गोळीनेही सेंट्रल अ‍ॅप्निया झाल्याची नोंद आहे, बाबांना लागू नाही पण इथे वाचणाऱ्या कोणाला असेल म्हणून लिहितो, तीही मनाने बंद करायची नाही.

दुसरं इको. पमाताईंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. एएसव्ही मशीन हुशार असतं, गेल्या काही मिनिटांतले श्वास बघून कमी पडला की टेकू देतं, जास्त झाला की टेकू काढतं, दूध बघून गॅस बारीक-मोठा करणाऱ्या हातासारखंच. सगळ्यांना वाटलं हृदय कमजोर असलेल्यांचं याने भलं होणार. म्हणून सर्व्ह-एचएफ नावाची चाचणी झाली, १३२५ पेशंट, ईएफ ४५ किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया असलेले. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा, आकडे सुधारले पण एएसव्ही लावलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात जगभर डॉक्टरांना सूचना गेल्या. पुढे दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर झालेल्या चाचणीत असा तोटा दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचा फायदाही दिसला नाही. म्हणून आजही इको न करता एएसव्ही घ्या असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. ईएफ चांगला असेल, गोळी सुटली असेल, गळती थांबली असेल, प्रेशर योग्य असेल आणि तरी दोन-तीन महिन्यांनी सेंट्रल टिकून असतील, दिवसा झोप येत असेल, तर एएसव्ही हा चांगला उपाय आहे आणि तेव्हा मीही सुचवतो. पण तेव्हा, आणि शक्यतो लॅबमध्ये एक रात्र लावून बघून.

तिसरं गळती आणि प्रेशर. गळतीने झोप सारखी चाळवते, प्रत्येक चाळवण्याला दोन-चार मोठे श्वास, आणि मोठ्या श्वासांनंतर थांबणं. ईपीआरने काहींना श्वास जास्त सोडला जातो, त्यांना ती कमी केल्यावर सीए उतरतात, सगळ्यांना नाही. ४ ते २० ही कंपनीतून येते ती सेटिंग आहे, ती पेशंटची नाही. बाबांना नेमकं किती लागतं हे लॅबमध्ये किंवा आलेख बघून ठरवता येतं. थोडे अडथळे उरले तरी चालतील असं प्रेशर, पूर्ण शून्य करण्याच्या मागे लागायचं नाही.

अपॉइंटमेंट आधी मिळते का बघा, ट्रामाडॉल आणि सीए एवढं रिसेप्शनला सांगितलं तरी पुरे. आणि तोपर्यंत मशीन चालू ठेवावं का, तर साधारणपणे हो, कारण तासाला ४८ वेळा ऑक्सिजन पडणं हे १६ सीएपेक्षा नक्कीच वाईट. फक्त फोनवर डॉक्टरांना विचारून ते प्रेशर निदान आधीसारखं करून घ्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रात्री नोंद ठेवणारा मिळाला तर उत्तम.

रात्रपाळी

डॉक्टर, धन्यवाद. मानसी, मास्कचं मी सांगते. मिशीवर सिलिकॉन बसत नाही, कितीही पट्टे आवळा, उलट आवळल्याने जास्त गळतं आणि नाकावर वळ उठतात. बाबा तोंड मिटून झोपू शकत असतील तर नाकात बसणारा छोटा मास्क मागा, तो मिशीच्या वरच राहतो. नाक चोंदत असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा, वाढवा. मिशी काढायला सांगू नका, त्यावरून माणसं मशीन सोडतात, मी पाहिलंय. आणि कुशीवर झोपवा, पाठीमागे लोड ठेवा.

मानसी_ठाणे

मंडळी, अडीच महिन्यांनी परत आलेय, मधल्या काळात तिघांनी मेसेज करून बाबांची चौकशी केली, इतकं बरं वाटलं.

इको झाला, ईएफ ६०, सगळं ठीक. एएसव्हीचा विषय तिथेच थांबला. हाडाच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल तीन आठवड्यांत कमी करत बंद केली, साधी पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी. पहिले पाच-सहा दिवस बाबा फार चिडचिडे झाले होते, रात्री दोनदा तीनदा उठून बसायचे, पण सीएचा आकडा नेमका त्याच आठवड्यात हलायला लागला. मग छोटा मास्क, गळती ८-१० वर आली. मग झोपेच्या डॉक्टरांनी ९ चं एकच प्रेशर केलं आणि ईपीआर १. त्यांनी एकेक गोष्ट दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने बदलली, म्हणाले सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. मला तेव्हा उशीर वाटत होता, आता पटतंय.

सीए १६ वरून ११, मग ७, आणि गेल्या पंधरवड्यात ३.४. एकूण एएचआय ६ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले पुढच्या तीन महिन्यांनी बघू, अजून उतरेल. बाबा दुपारी पेपर वाचताना झोपत नाहीत. आई अजूनही रात्री एकदा उठून पोटावर हात ठेवते, पण म्हणते आता मोजत नाही.

आता नवीन प्रश्न. बाबांना आणि आईला सप्टेंबरमध्ये केदारनाथला जायचंय, बाबांचा फार वर्षांचा नेम आहे, रिटायर झाल्यावर जाणार होते. मशीन घेऊन जाता येईल ना? का उंचीवर परत हा प्रकार उसळेल?

डॉ_श्वास

फार आनंद झाला वाचून. गोळीचा हिस्सा मोठा होता असं दिसतंय, पण बाकीच्या तीन गोष्टींनीही काम केलं.

केदारनाथबद्दल, प्रश्न विचारला हे उत्तम केलंत. उंचीवर ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जोरात श्वास घेतं, त्याने कार्बन डायऑक्साइड धुतला जातो, आणि झोपेत तीच लाटांची रांग सुरू होते. लेहला गेलेल्या धडधाकट तरुणांनाही पहिल्या रात्री असं होतं, दचकून जाग येते. बाबांसारख्यांमध्ये ते जास्त होऊ शकतं, आणि सीपॅप ते थांबवत नाही, सीपॅप फक्त घसा उघडा ठेवतं. मंदिर ३५८३ मीटरवर आहे, गौरीकुंड १९८२ च्या आसपास. काही मशीनना कंपनीने उंचीची मर्यादा घालून दिलेली असते, त्यावर ते प्रेशर बरोबर देत नाही, पुस्तिकेत मागच्या पानांवर बघा. वर वीजही जाते-येते, बॅटरी लागेल.

माझं स्पष्ट मत, दर्शन करावं पण वर झोपू नये. गुप्तकाशीला किंवा सोनप्रयागला मुक्काम, हवेशी जुळवून घ्यायला एक-दोन दिवस, मग सकाळी हेलिकॉप्टरने जाऊन दुपारी खाली. गुडघा बघता चालत जाणं तसंही नको. उंचीसाठी अ‍ॅसेटाझोलामाइड नावाची गोळी असते, ती या लाटा कमी करते, पण सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनी, बीपीच्या गोळ्या हे सगळं बघून डॉक्टरच ठरवतील. ऑगस्टमध्ये एकदा दाखवून घ्या. आणि पहिल्या रात्री झोप लागत नाही म्हणून कोणी सोबत्याने गोळी दिली तर घ्यायची नाही, हे बाबांना आत्तापासून सांगून ठेवा.

पमाताई

मानसी, आईला सांग मी गेलेय तिथे, गुप्तकाशीला राहायची सोय चांगली आहे, खोली घेताना पलंगाजवळ प्लग आहे का ते आधी फोनवर विचारायचं. आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत टाकायचाच.

मानसी_ठाणे

पुस्तिका शोधली, मर्यादा २५९१ मीटर लिहिलीय. म्हणजे वर मुक्काम नाही. बाबा थोडे हिरमुसले, त्यांना पहाटेची पूजा बघायची होती, पण आई म्हणाली मी तिथे रात्रभर जागी बसणार नाही, खालीच झोपायचं. गुप्तकाशीचं बुकिंग उद्या करते. ऑगस्टची अपॉइंटमेंट आजच घेतली.